ग्रंथाचे मालक की ग्रंथाचे कूळ?

(नभोवाणीवरील भाषण)

ज्या कळंबोलीचे नाव घेताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्याकडे निघणाऱ्या द्रुतगती मार्गाचे तोंड, लोखंड-पोलाद बाजारातील सळ्यांच्या थप्प्या आणि रात्रभर घरघरणारे ट्रेलर उभे राहतात, त्या कळंबोलीतून ग्रंथवाचनाविषयी बोलावयास कोणी यावे, हे काहीसे विसंगत वाटेल, हे मला मान्य आहे. परंतु त्याच बाजारातील एका पेढीवर उणीपुरी पंचवीस वर्षे मालाची आवक-जावक वहीत उतरवीत असता, जेवणाच्या सुटीत पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्याआड कादंबरी उघडून बसण्याची जी खोड मला जडली, ती सेवानिवृत्तीनंतरही गेली नाही. गेली ती दृष्टी. मोतीबिंदू काढूनही बारीक टाइपापुढे डोळे हात टेकू लागले, पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयातून आणलेली पुस्तके न उघडता परत जाऊ लागली, आणि घरात ई-बुक रीडर घेण्याचा विषय निघाला. वनस्पती तुपाला जसे सरसकट ‘डालडा’ म्हणतात, तसे आमच्याकडे ह्या साऱ्या यंत्रजातीला ‘किंडल’ म्हणतात. निवडीचा घोळ तेथूनच सुरू होतो.

ह्या विषयाला एक जुनी पार्श्वभूमीही होती. २६ जुलै २००५ रोजी आमच्या तळमजल्यावरील सिडकोच्या घरात पाणी शिरले, तेव्हा माणसे वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे गेली, धान्याचे डबे माळ्यावर गेले आणि पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे तसेच राहिले. पाणी ओसरल्यावर पाहतो तो पुस्तके फुगून कप्प्यात अशी आवळून बसलेली, की एक ओढावे तर फळीच हातात यावी. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, गाव आणि खरेदीची तारीख शाईने लिहावयाची, ही वडिलांपासून चालत आलेली आमची रीत. त्या शाईचे पानोपान निळसर ढग झाले होते. जी पुस्तके त्यातून वाचली, त्यांचा समाचार पुढे दमट हवेने आणि कसरीने घेतला.

एका रविवारी कामोठ्याहून भाची आली, ती आपले सहा इंची यंत्र पिशवीत घालूनच. वजन १५८ ग्रॅम. लोखंड टनावारी मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे वजन वजनात धरण्याजोगेच वाटेना. मोबाइलची काच डोळ्यांत उजेड मारते, तशी ह्याची मारीत नाही. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण परस्परविरुद्ध विद्युद्भाराचे असून, विजेच्या इशाऱ्याने त्यांपैकी जे वर येतात त्यांचे पान बनते. आणि एकदा बनलेले पान तसेच राहण्यास वीज लागत नाही. म्हणूनच एकदा चार्ज केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. अंधारात वाचण्यासाठी कडेला बारीक दिवे असतात, त्यांचा खर्च वेगळा. भाचीने अक्षर मोठे केले, आणखी मोठे केले, आणि कित्येक महिन्यांनी मी एक संपूर्ण पान भिंगावाचून वाचले.

तथापि मराठी वाचकाने असल्या यंत्राची पारख कशी करावी, ह्याचे उत्तर मला कोणत्याही जाहिरातीत मिळाले नाही. मी माझी स्वतःची कसोटी केली. ‘आचार्यांना आसन द्या आणि आचाऱ्यांना शिधा द्या’, हे वाक्य भाचीकडून टंकित करवून यंत्रात घातले. रफार आणि कोरीसारखा अर्धा र ह्यांतील भेद जेथे बुजला, तेथे दर्या आणि दऱ्या एक होतात आणि स्वयंपाकघरातील माणूस मठाधिपती होऊन बसतो. वाक्य यंत्राने निर्दोष दाखविले. पण त्याच यंत्रावर विकत घेतलेल्या एका कथासंग्रहात मात्र ‘आचाऱ्यां’तील र पाय मोडून एकीकडे आणि य दुसरीकडे, अशी अवस्था होती. अपराध यंत्राचा नव्हे, पुस्तकाच्या फाइलीचा. संगणकावरील मराठी छपाईच्या आरंभीच्या काळात निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट निरनिराळ्या मांडणीचे होते. त्यांत जुळविलेला मजकूर पुढे युनिकोडमध्ये आणताना कोणी डोळ्यांखालून घातला नाही, तर जोडाक्षरांची अशी फाटाफूट होते. यास्तव पुस्तकाचा जो फुकट नमुना वाचावयास मिळतो तो आधी पाहावा, आणि मग दाम मोजावे. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके किंडलवर आणली, तेव्हापासून मराठी ग्रंथांची आवक बरी आहे. मात्र बुकगंगेसारख्या मराठी विक्रेत्यांची ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात, आणि त्यांची ज्याला ओढ आहे त्याने अँड्रॉइडवर चालणारे, बूक्सच्या जातीचे यंत्र पाहावे हे बरे.

खरी अडचण जुन्या ग्रंथांची आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने पीडीएफ स्वरूपात विनामूल्य खुली केली आहेत; परंतु पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्रच समजा, त्यातील अक्षर वाढवू म्हटले तर पानच पडद्याबाहेर जाते. डेमी आकाराचे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. सहा इंची यंत्र कर्णरेषेने सहा इंच असल्यामुळे त्याचा पडदा जेमतेम ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. म्हणजे बारा पॉइंटांचा टाइप सातावर येतो, आणि मोतीबिंदूवाल्याने पुन्हा भिंग शोधावे! दहा इंची यंत्रावर तेच पान जवळजवळ पूर्ण मापाने बसते. पण त्याची किंमत ऐकून सौ. स्वयंपाकघरात निघून गेल्या, आणि तो मामला काही दिवस तहकूब राहिला. उलट, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे वाङ्मय २०११ पासून सर्वांना मोकळे आहे. असले मोकळे वाङ्मय विकिस्रोतावर ईपब स्वरूपात मिळते, तेव्हा त्याचे अक्षर हवे तेवढे फुगते.

आता ज्या बाबीने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले, तिच्याकडे येतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ह्या कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती, विक्री करणाऱ्यास हक्क नव्हता ह्या सबबीवर, वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. आणि फेब्रुवारी २०२५ पासून, विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची मुभाही त्यांनी काढून घेतली. दस्तऐवज वाचण्याची सवय असलेल्या माणसाने खरेदीच्या अटी वाचल्या तर त्याला कळते की ही खरेदी नव्हे, वहिवाट आहे. ज्या जिल्ह्यात १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप मांडला, आणि पुढे १९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरविले, त्या जिल्ह्यातील माणसाने आपण होऊन ग्रंथाचे कूळ व्हावे, आणि तेही ज्याला कोणताच कूळकायदा नाही असे, हे माझ्या मनाला रुचेना. भाचीने ह्यावर जे उत्तर दिले त्याने मी निरुत्तर झालो. ती म्हणाली, “मामा, तुमचं हे घर तरी कुठे तुमचं आहे? सिडकोचा साठ वर्षांचा भाडेपट्टाच ना?”

अखेर मी सहा इंचीच घेतले. ज्या डोळ्यांसाठी हा सारा खटाटोप, त्यांना मोठे अक्षर हवे होते, आणि ते ज्यात फुगते अशी पुस्तके माझ्या उरलेल्या आयुष्याला पुरून उरतील. मंडळाची पीडीएफ नातवाने टाकून दिलेल्या टॅब्लेटवर वाचतो, थोडी, डोळे दुखेपर्यंत. विकतच्या पुस्तकांपैकी जे जवळ राहावेसे वाटते, ते वाचून झाल्यावर छापील घेतो. त्यांना आता कपाटाचा वरचा कप्पा दिला आहे.

यंत्र घरी आले त्या संध्याकाळी सौ.नी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “ह्याच्यावर नाव कुठे घालणार?” पहिले पान असलेली वस्तूच ती नव्हे. तेव्हा वखारीत मालावर लावतात तसली कागदी पट्टी कापून पाठीवर चिकटविली. तीवर नाव, केएल-फोर, कळंबोली आणि तारीख घातली, नावापुढे ‘मालक’ असे लिहिले, आणि जागा उरली होती म्हणून कंसात ‘यंत्रापुरते’.