पदवी आणि हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, आहारशास्त्र, फार तर दातांची निगा, असे विषय आपल्या सवयीचे आहेत. यंदा फलकावर 'इलेक्ट्रॉनिक्स आणि इंटरनेटचे विद्यापीठातील शिक्षण' असे वाचून दोघी-तिघींनी मला जिन्यातच गाठले. "अहो, यातले आम्हांला काय कळणार?" मी म्हटले, "नाही कळले तर दोष माझा समजा. इतकी वर्षे हाच विषय शिकवून मला निदान तेवढे यायला हवे."

हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. दरसाल बारावीचा निकाल लागला की माझ्या दारावरची घंटा वाजू लागते. पेढ्यांचा पुडा पुढे करून प्रश्न येतो, "मुलीला कॉम्प्युटरला घालावे की इलेक्ट्रॉनिक्सला?" या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. पण आई विचारीत नाही असा एक दुसराच प्रश्न आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो शेवटी सांगेन.

आधी या दोन विद्या म्हणजे काय, ते पाहू.

समजा, तुमच्या नातीचे बारसे अमेरिकेत झाले आणि लेकीने फोटो पाठवला. तुम्ही चष्मा शोधून डोळ्यांवर चढवण्याच्या आत तो तुमच्या फोनवर हजर असतो. हे होते कसे? तिकडच्या फोनमधल्या भिंगामागे एक चकती असते. तिच्यावर पडलेल्या उजेडाची वीज होते आणि त्या विजेचे आकडे होतात. ते आकडे रेडिओच्या लहरींवर बसून जवळच्या टॉवरपर्यंत येतात. तेथून पुढे बहुतेक सारा प्रवास केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. असे तंतू समुद्राच्या तळाशी अंथरलेले आहेत आणि मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ते जमिनीवर येतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मग चष्मा मागे पडला तर नवल काय? हे विजेचे, लहरींचे आणि काचेचे काम म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार.

पण नुसती तार असून भागत नाही. पत्र कोणाचे, जायचे कोठे, हे कोणीतरी पाहिले पाहिजे. तुमच्या नातीचा फोटो एका लखोट्यात येत नाही. त्याचे शेकडो तुकडे होतात. मोठे पत्र फाडून वेगवेगळ्या पोस्टकार्डांवर चिकटवावे, प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक घालावा, आणि ज्या वाटेने जाईल त्या वाटेने पाठवून द्यावे, तसा हा प्रकार आहे. कार्डे मागेपुढे पोचतात. तुमचा फोन ती क्रमाने लावतो, आणि सत्तावीस क्रमांकाचे कार्ड आले नसेल तर तेवढेच पुन्हा मागवतो. ही रीत विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ साली मांडली. ही झाली इंटरनेटची विद्या. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला हे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने.

म्हणजे एकीने वाट बांधायची आणि दुसरीने टपाल सांभाळायचे. परदेशातल्या काही विद्यापीठांत या दोहोंची मिळून एकच पदवी असते. आपल्याकडे नावे निरनिराळी असली तरी दूरसंचाराच्या विद्यार्थिनीला नेटवर्क शिकावे लागते आणि संगणकाच्या विद्यार्थिनीला अंकीय मंडले शिकावी लागतात. चार वर्षांचा अभ्यास असतो. पहिले वर्ष गणित, पदार्थविज्ञान आणि आरेखन. मग विद्युत्मंडले, संदेशशास्त्र, मायक्रोप्रोसेसर, प्रोग्रॅमिंग, आणि शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने करावयाचा प्रकल्प.

या अभ्यासाला पुण्यासारखे गाव शोधून सापडायचे नाही. परम ८००० हा महासंगणक १९९१ साली पुण्यातल्या सी-डॅकने केला. नारायणगावाजवळ खोडदच्या परिसरात गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तीस प्रचंड तबकड्या आहेत. एकेकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात आणि काचेच्याच तंतूंवरून एका ठिकाणी आणतात. मंडळाची सहल ओझरच्या गणपतीला दोनदा गेली. पुढच्या खेपेस वाट थोडी वाकडी करून त्या तबकड्या रस्त्यावरून तरी पाहाव्या, अशी माझी सूचना आहे.

आणि मुलींच्या शिक्षणाची तर या गावाला जुनी सवय. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा घातली. तो जीर्ण वाडा स्मारकासाठी २०२३ साली उतरवला गेला. त्याच बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. तेथे आज इंजिनिअरिंगची मुले-मुली चार-चार रुपयांचे सुटे भाग घ्यायला गर्दी करतात. तिकडे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला. त्यांच्याच संस्थेने १९९१ साली तेथे, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, खास मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. माळावरच्या झोपडीपासून तेथवर यायला एक्याण्णव वर्षे लागली.

वाट सोपी नव्हती. १९७४ साली टेल्कोची नोकरीची जाहिरात निघाली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, रागाने एक पोस्टकार्ड थेट जे. आर. डी. टाटांना धाडले. त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि पुण्याच्या कारखान्यात त्या इंजिनिअर म्हणून लागल्या. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

आता माझी हकिगत. ती इतकी तेजस्वी नाही.

मी १९८३ साली पदवीच्या वर्गात बसले. साठ जणांत आम्ही पाच मुली. वडिलांनी मोठ्या मनाने पाठवले होते, प्राध्यापकही चांगले होते. प्रयोगशाळेत चौघांचा गट असे. गटात मी एकटीच मुलगी, अक्षर माझे चांगले. पहिल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, "तू रीडिंग लिहून घे, आम्ही जोडतो." त्यात वाईट हेतू काही नव्हता, आणि मलाही बरेच वाटले. तेव्हापासून चार वर्षे त्यांनी तारा जोडल्या आणि मी आकडे लिहिले. माझी जर्नल सगळ्या वर्गात फिरत असे. पहिल्या वर्गात पास झाले. आळीत पेढे वाटले.

मग भोसरीत एका लहानशा कारखान्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तेथल्या एका वयस्क मेकॅनिकने माझ्यापुढे एक बोर्ड ठेवला. "बाई, एवढा कपॅसिटर बदलून द्या." कपॅसिटरवर मी परीक्षेत सोळा गुणांचे उत्तर लिहिले होते! सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाख देण्याची ती तापलेली कांडी, मी हातात घेतली. ती किती वेळ टेकवायची हेच मला ठाऊक नव्हते. बघता बघता तांब्याची पट्टी उखडून वर आली आणि धूर निघाला. शेजारच्या बाकावरचे दोघे हसले. मेकॅनिक हसले नाहीत. बोर्ड उचलून शांतपणे म्हणाले, "बाई, पदवी घेतलीत, हात घ्यायचा राहिला."

त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले. दुसऱ्या दिवशी सुटीची घंटा झाल्यावर त्यांच्याकडे गेले आणि म्हटले, "शिकवा." ते स्वतः सातवी शिकलेले. चार महिने रोज अर्धा तास त्यांनी मला जुन्या, टाकाऊ बोर्डांवर बसवले. कांडीने आधी सांधा तापवायचा, मग तारेचा डाख सांध्याला लावायचा. डाख चकचकीत पसरला म्हणजे सांधा पक्का, मळकट गोळा झाला म्हणजे कच्चा. हे मला इंजिनिअर झाल्यावर कळले.

पुढे मी शिकवू लागले तेव्हा एक नियम केला. गटात दर आठवड्याला कामे फिरली पाहिजेत. जो आज लिहील तो उद्या जोडील. मुले कुरकुरली, कारण त्यांची अक्षरे भयंकर होती. मुलीही कुरकुरल्या, हे सांगितले पाहिजे. "मॅडम, आम्ही लिहितो ना!" असे म्हणणाऱ्या किती मुली मी पाहिल्या! त्यांना हात मागे घेण्याची सवय कॉलेजात लागली नव्हती. ती घरून आली होती.

ही गोष्ट मी इतक्या खात्रीने का सांगते? कारण ती माझ्या घरातही झाली. माझी लेक नऊ-दहा वर्षांची असताना एका दुपारी तिने बिघडलेला मिक्सर उलटा करून खालचे स्क्रू काढले. मी कॉलेजातून दमून आलेली. जमिनीवर सगळे पसरलेले पाहून मी तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हिसकावला आणि एक धपाटाही दिला. "शॉक बसला म्हणजे?" खरे तर मिक्सरची पिन भिंतीत नव्हतीच. ती पोरीने आधीच काढून ठेवली होती. महिन्याभराने पुतण्या सुटीत आला. त्याने जुना रेडिओ उघडला, तेव्हा मीच त्याच्याजवळ पकड घेऊन बसले आणि मोठ्या कौतुकाने सगळे समजावले. लेक दारात उभी राहून पाहत होती.

ती आज हिशेबतपासनीस आहे, सुखात आहे. तिच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "आई, तू कॉलेजात मुलींच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्यायचीस. माझ्या हातातला तेवढा काढून घेतलास." मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

भगिनींनो, आपण मुलीला दहाव्या वर्षी तव्याजवळ उभी करतो. उकळत्या तेलात पुरी सोडायला शिकवतो. तेव्हा ती भाजेल ही भीती आपल्याला वाटत नाही, कारण ते काम तिचे आहे असे आपण धरून चाललो आहोत. मग डाखाच्या कांडीचीच एवढी धास्ती का?

आता पेढ्यांच्या पुड्याबरोबर आलेल्या प्रश्नाचे उत्तर. मुलीला गणिताबरोबर वस्तूंचीही ओढ असेल, हे आत काय आहे असे ती विचारीत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स. नुसती कोडी सोडवण्यात, रीत बसवण्यात रमत असेल, तर संगणक. एकीकडून दुसरीकडे जाता येते, आणि पुष्कळ जणी जातात. नोकऱ्यांचा बाजार चढतो-उतरतो. आजचा भाव पाहून चार वर्षांनंतरचा सौदा करू नये.

पैशाची अडचण पुढे येते, म्हणून तेही सांगते. २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश-फेरीतून जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण-शुल्क आणि परीक्षा-शुल्क पूर्ण माफ केले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' नावाची, वर्षाला पन्नास हजारांची शिष्यवृत्तीही मुलींसाठीच आहे. अटी अर्ज करताना नीट वाचाव्या आणि दाखले वेळेत काढावे. दाखल्यावाचून हुकलेले प्रवेश मी पाहिले आहेत.

आणि आई विचारीत नाही तो प्रश्न असा: "मुलीचा हात मी कोठे अडवते?" फी शासन माफ करील, जागा कॉलेज देईल. हात मात्र घरातच मोकळा करावा लागतो, आणि तो अठराव्या वर्षी नव्हे, नवव्या-दहाव्या वर्षी.

म्हणून मंडळापुढे एक मागणे ठेवते. आपल्या सभागृहात शिवणयंत्रे आहेत, पापडाचे यंत्र आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन तास मला एक लांब टेबल द्या. तपकीर गल्लीतून चार कांड्या, डाखाची रिळे आणि पकडी मी स्वखर्चाने आणीन. तुम्ही घरातली बिघडलेली वस्तू आणा: रेडिओ, इस्त्री, रिमोट, वाजायची थांबलेली दारावरची घंटा. भिंतीतल्या विजेला मुलींनी हात लावायचा नाही. बंद वस्तू उघडायची, आणि जोडकाम करायचे ते बॅटरीवर. हा नियम मी कडक पाळीन. काही वस्तू दुरुस्त होतील, काही कायमच्या जातील, त्याची तयारी असू द्या. वस्तूबरोबर घरातली मुलगी आणा. मुलगी नसेल तर तुम्ही स्वतः या. साठीची बाई डाख देऊ शकते, हे मी दाखवीन.

पहिल्या शनिवारी टेबलावर आमच्या घरचा मिक्सर असेल. लेकीला मी कळवले आहे. ती येते म्हणाली. तिच्या आठ वर्षांच्या मुलीलाही बरोबर आणणार आहे.

 शनिवारसाठी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.