हाताबाहेरचे



शताब्दीच्या या समारंभात ग्रंथ आणि ज्ञान यांची थोरवी सांगावी, असे मला सुचवण्यात आले होते. परंतु ज्या वास्तूत शंभर वर्षे पुस्तके जपली गेली, तेथे ज्ञानाचे माहात्म्य गाणे म्हणजे नदीकाठी पाणपोई घालण्यासारखे आहे. म्हणून आज ज्ञान जेथे थांबते त्या जागेविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. त्या जागी उभा राहिलेला माणूस पुढे काय करतो, हे कुतूहल माझ्या मनात लहानपणापासून आहे. ते कसे शिरले, ते शेवटी सांगेन.

मी मूळचा तुकईथडचा, म्हणजे बऱ्हाणपूर आमचे जिल्ह्याचे गाव. अर्थात २००३ पासूनचे, त्यापूर्वी आम्ही खांडव्याकडे पाहत असू. या शहराच्या पोटात एक नवल आहे. अब्दुर्रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी हेरले. शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडून ते निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणले. कुंडी भंडारा तो हाच. डोळ्यांना न दिसणारे पाणी केवळ तर्काने शोधणारी ती विद्या पाहिली की आजही मान लवते.

आणि याच शहराने पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत विद्येची हद्दही पाहिली. १६३० साली पाऊस गेला. गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर जो दुष्काळ कोसळला त्याचे वर्णन अब्दुल हमीद लाहोरी याच्या बादशहानाम्यात आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यानेही वाटेवरच्या प्रेतांविषयी लिहून ठेवले आहे. जमिनीखालचे पाणी शोधणाऱ्यांना आभाळातले पाणी का रुसले हे सांगता येत नव्हते.

शहाजहान त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरातच होता. त्याने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत या भागांत अन्नछत्रे उघडली. शिवाय येथे मुक्काम असेतोवर दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटावेत, असा हुकूम दिला. वीस सोमवारांत एक लक्ष रुपये झाले, असा हिशेब लाहोरीने चोख मांडला आहे. दुष्काळाच्या मानाने ती रक्कम केवढी, हा प्रश्न विचारता येईल. मी तो विचारणार नाही; भुकेल्याला त्या सोमवारी मिळालेले अन्न खरे होते.

त्याच बादशहाच्या घरी १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात दगावली. वय अवघे अडतीस. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणे, त्यांतली सात मुले जगली. ज्याच्या एका शब्दासरशी साम्राज्यातला कोणताही हकीम धावत आला असता, त्याच्याजवळ त्या दिवशी उपाय नव्हता. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. पुढचे आपण सर्व जाणता. ताजमहालाला प्रेमाचे स्मारक म्हणतात, ते खरेच आहे. मला मात्र तेथे गेल्यावर चौदा हा आकडा आठवला, आणि प्रेम करणाऱ्यालाही जवळच्या माणसाच्या जिवाचे किती थोडे कळते, असे वाटून गेले. त्या दिवशी जन्मलेली गौहरआरा मात्र दीर्घायुषी झाली. तिची आठवण कोणी काढत नाही.

याच दुष्काळाचा तडाखा देहूलाही बसला. वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी असलेले एक घर त्यात बुडाले. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. तुकोबांनी स्वतःच्या अभंगात हे दुःख सांगितले आहे. परंपरा सांगते की पुढे विठ्ठलाच्या वाटेला लागताना त्यांनी कर्जखतांचे दोन भाग केले, धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. बंधूंचा वाटा त्यांनी बुडवला नाही, याकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. आपल्या उदारपणाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते.

काही वर्षांपूर्वी वर्गात हे शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, कागद बुडवले म्हणून गेलेलं कोणी परत आलं का?" वर्ग हसला. मी हसू शकलो नाही. नाही, कोणी परत आले नाही. ज्यांची खते बुडाली त्या कुळांच्या दारातही दुसऱ्या दिवशी धान्य आले नसेल. एवढेच झाले की आधीच पोळलेल्या माणसांना आणखी पोळण्याचे एका माणसाने नाकारले. मृत्यूचा अर्थ त्यांना उलगडला होता म्हणून त्यांनी हे केले, असे मला वाटत नाही. तो उलगडत नव्हता, आणि तरीही समोरच्या माणसाचे काय करायचे एवढे त्यांना दिसत होते. त्या मुलीला मी हे सांगितले. पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. तेव्हा मी तिला सांगितलेली गोष्ट आपल्याला सांगतो.

माझे वडील तुकईथडच्या स्टेशनावर सहायक स्टेशनमास्तर होते. खांडवा-अकोला मीटरगेजचे ते लहानसे स्टेशन. त्या मार्गावरची मीटरगेज २०१७ च्या आरंभी बंद झाली. १९७९ सालच्या आषाढातली रात्र. मी आठ वर्षांचा. जवळच्या ढाण्यावरून चार कोरकू माणसे एका अडलेल्या बाईला खाटेवर घालून पावसात स्टेशनावर आली. बरोबर म्हातारी सुईण होती. पंचक्रोशीतली कितीतरी मुले तिच्या हातून जन्मली होती, त्यांत माझी धाकटी बहीणही. वडिलांपुढे उभी राहून ती मोडक्या हिंदीत म्हणाली की हे आता माझ्या हाताबाहेरचे आहे, हिला खांडव्याला पोचवा. एवढे सांगताना तिचा आवाज जराही कापला नाही. आपल्याला येत नाही, हे इतक्या वेळेवर आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारी माणसे पुढे मला विद्यापीठातही फारशी भेटली नाहीत. मी स्वतःही त्यांतला नव्हे.

पॅसेंजर सकाळपर्यंत नव्हती. वडिलांनी खांडव्याकडे निघालेली मालगाडी थांबवून घेतली. गार्डाच्या डब्यात खाट मावेना, तेव्हा आईने घरातल्या दोन गोधड्या आणून खाली अंथरल्या. सुईण डब्यात चढली नाही. मला तेव्हा तिचा राग आला. आता वाटते, तिच्या पायांत तेवढे त्राणच उरले नसेल. गाडीचा तांबडा दिवा दिसेनासा होईपर्यंत ती फलाटावर भिजत उभी होती.

त्यानंतर वडील खांडव्याहून येणाऱ्या प्रत्येक गार्डाला त्या बाईविषयी विचारीत. सगळे माना हलवीत. नवव्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरमधून ती बाई नवऱ्याचा हात धरून स्वतःच्या पायांनी उतरली. मूल वाचले नव्हते. वडील पुढे झाले, पण त्यांना काय बोलावे ते सुचले नाही. ते परत आत जाऊन काटा नसलेल्या घड्याळाला उगाच किल्ली देत बसले. बाकावरून सुईण उठली. ती रोज त्या गाडीला येऊन बसत असे, हे आम्हांला तेव्हा कळले. तिने पदराखालून पितळी तांब्या काढला. त्यात ज्वारीची पेज होती. बाई बाकावर बसून ती पेज प्याली, आणि सुईण तिच्या पाठीवर हात ठेवून, काही न बोलता, तांब्या रिकामा होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.