बादलीभर गरम पाणी



नागझिऱ्याच्या अभयारण्यात शिरायचं एक दार चोरखमाऱ्याचं. चोरखमारा तिरोडा तालुक्यातला, आणि तिरोड्यालाच औष्णिक वीज केंद्र: ६६० मेगावॅटचे पाच संच. त्यामुळे ‘चूल विझवा, वीज वापरा’ असं कुणी इथे सांगू लागलं की मागच्या रांगेतून प्रश्न येतोच, ‘वीज का झाडाला लागते? तीही कोळशाचीच ना जी?’

प्रश्न रास्त आहे. तेव्हा हिशोबच मांडू. थंडीतलं वीस लिटर पाणी, पंधरा अंशांवरून चाळीसवर न्यायचं. रॉड टाकला तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. तारांतली गळती धरूनही केंद्रात त्यापायी चारेकशे ग्रॅम कोळसा जळतो. तोच कोळसा शेगडीत घातला तर सहा-सातशे ग्रॅम तरी हवा, कारण बहुतेक आच गंजाला न लागता बाजूनेच निघून जाते. तीन दगडांच्या चुलीवर किलोभराहून अधिक जळतन. शिवाय केंद्राच्या धुराड्याला राख अडवणारी यंत्रणा असते. चुलीच्या धुराला अडवतो तो फक्त फुंकणाऱ्या बाईच्या छातीचा भाता.

लाकूड पुन्हा उगवतं, कोळसा उगवत नाही, हेही खरं. पण उगवायला त्याला सवड हवी. रोज मोळी निघणाऱ्या जंगलाच्या कडेला ती मिळत नाही. आणि मोळी काही आपल्या पायांनी येत नाही. पहाटे कुणीतरी वाकून काड्या वेचत असतं, आणि वाकलेला माणूस अस्वलाला काय, वाघाला काय, माणूस वाटत नाही.

पण म्हणून वीज निर्मळ झाली असं समजू नका. याच तिरोड्याच्या केंद्रासाठी चंद्रपूरकडची लोहाऱ्याची खाण दिली होती. ताडोब्याच्या शेजारची म्हणून पर्यावरण मंत्रालयाने ती रोखली. आमची बादली तापवायला दुसऱ्याचं जंगल खणायचं, हा सौदा मला पटत नाही. तार गावात आली की कुंपणातही जाते, तेही विसरू नका. नागझिऱ्यात वाढून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला ‘जय’ वाघ तुम्हाला आठवत असेल. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने गेला.

रॉड हा तर विजेने पाणी तापवण्याचा उधळा प्रकार. एक युनिट घेऊन एकच युनिट उष्णता देतो. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारा हीट पंप तेवढ्याच विजेत तिप्पट काम करतो, पण त्याची किंमत आपल्या गावांच्या खिशाबाहेरची. छपरावरचा सौर बंब मात्र परवडण्याजोगा आहे. थंडीत आपल्याकडे आकाश निरभ्र असतं. वनखात्याने आणि ग्रामपंचायतीने गॅससाठी केली तशी खटपट आता या बंबासाठी करावी. आणि घरी जाल तेव्हा, पाणी कशानेही तापवा, गंजावर झाकण ठेवा.