डायलिसिसच्या रुग्णाचे वजन : पाणी किती, अंग किती?



निरोगी माणसाचे वजन एका दिवसात फारसे बदलत नाही. पोटात गेलेल्या पाण्यापैकी जास्तीचे पाणी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात आणि शरीराचा तोल राखतात. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली असून जे डायलिसिसच्या आधारे जगत आहेत, त्यांची स्थिती निराळी असते. त्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढते आणि यंत्रावर चार तास काढल्यानंतर तितकेच उतरते. या नित्याच्या चढउतारामागे आणखी एक बदल सावकाश घडत असतो. तो म्हणजे अंगावरील मांस झडण्याचा. पहिला बदल काट्यावर लगेच दिसतो, दुसरा बहुधा ध्यानात येत नाही. रुग्णाच्या आयुष्याच्या दृष्टीने मात्र दोहोंचे महत्त्व सारखेच आहे.

हा प्रश्न उद्भवला तो डायलिसिसवर दीर्घकाळ जगणे शक्य झाल्यामुळे. नेदरलँड्समधील कांपेन येथे डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंडाचा वापर प्रथम केला. परंतु त्या काळी हा उपचार थोड्या दिवसांपुरताच करता येई. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायम राहणारी नळी बसविण्याची युक्ती काढली, आणि तेच रक्त पुनःपुन्हा शुद्ध करीत वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले. आपल्या देशात २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागली. यंत्र जवळ आले. परंतु यंत्रावरील चार तासांखेरीजचा सर्व काळ रुग्ण घरीच असतो. म्हणून वजनाची राखण मुख्यतः घरातच व्हावयास हवी.

प्रथम पाण्याचा विचार करू या. शरीरात जास्तीचे पाणी नसताना, रक्तदाब ठीक असताना व पायांवर सूज नसताना रुग्णाचे जे वजन भरते त्यास कोरडे वजन म्हणतात. डॉक्टर ते अंदाजाने व अनुभवाने ठरवितात. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत या वजनावर जी भर पडते ती जवळजवळ सर्व पाण्याची असते. एक किलो वाढले म्हणजे एक लिटर पाणी साचले, असा सरळ हिशेब होय. ही वाढ कोरड्या वजनाच्या शेकडा ४ ते ४.५ च्या आत राहावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ५० किलोंच्या रुग्णास ही मर्यादा सुमारे दोन किलो येते.

ही मर्यादा का पाळावयाची, हे थोड्या गणिताने समजते. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढल्यास हृदयावर ताण पडतो आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. ५० किलोंच्या रुग्णाच्या बाबतीत हा वेग तासाला ६५० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत २.६ लिटर होतो. तोच रुग्ण चार किलो वाढवून आला तर यंत्रास तासाला एक लिटर पाणी ओढावे लागते. मग रक्तदाब एकदम खाली येतो, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते; आणि पाणी तसेच ठेवले तर रात्री आडवे होताच धाप लागते.

मधले दिवस जितके अधिक, तितका धोका मोठा. अमेरिकेत आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या सुमारे ३२,००० रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातील सर्वांत लांब खंड संपल्यानंतरच्या दिवशी मृत्यूंचे व हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांहून अधिक असल्याचे त्यात दिसून आले. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात, म्हणजे त्यांचा प्रत्येक खंड लांबच असतो. यास्तव ठरलेली पाळी चुकविणे हे त्यांना मुळीच परवडणारे नाही.

पाणी रोखण्याचा मार्ग मिठातून जातो. सुमारे ८ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. खारट खाल्ले की तहान लागते, आणि तहानलेल्या माणसास पाणी पिऊ नकोस असे सांगणे व्यर्थ असते. म्हणून दिवसाचे एकूण मीठ ५ ते ६ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्याएवढे असावे. लोणचे, पापड, खारवलेले सुके मासे यांत मिठाचा साठा असतो. कोकण-गोव्याच्या घरांत पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा व खाराची फोड हे नेहमीचे तोंडीलावणे. पेज, आमटी, सोलकढी, चहा, ताक ही सर्व पाण्याच्याच हिशेबात धरावयाची असतात. चोवीस तासांत जेवढी लघवी होते, तिच्याहून सुमारे अर्धा लिटर अधिक एवढे पातळ पदार्थ साधारणतः चालतात. नेमके प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आता अंगाचा विचार. निरोगी माणसाच्या बाबतीत स्थूलता हे रोगाचे घर मानले जाते आणि ते योग्यच आहे. मधुमेह व रक्तदाब हेच पुढे मूत्रपिंडांचा घात करतात. परंतु एकदा डायलिसिस सुरू झाल्यावर चित्र उलटे दिसते. फ्रान्समध्ये १९७२ ते १९७८ या काळात १,४५३ रुग्णांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. जाड रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले नव्हते. उलट कृश रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. पुढे इतर देशांतील मोठ्या पाहण्यांतही बहुतांशी असेच आढळले. याचा अर्थ रुग्णाने तूप-साखर खाऊन लठ्ठ व्हावे असा नव्हे. आजार बळावला म्हणजे माणूस वाळतो, हे एक कारण यामागे आहे; आणि अंगात स्नायूंची शिदोरी असेल तर ताप किंवा जंतुसंसर्ग यांसारखे प्रसंग निभावतात, हे दुसरे.

ही शिदोरी अनेक वाटांनी खर्च होते. रक्तात साठलेल्या दूषित द्रव्यांमुळे अन्नावरील वासना उडते. शरीरात सतत मंद दाह चालू असतो, त्यामुळे स्नायू झिजतात. प्रत्येक डायलिसिसमध्ये प्रथिनांचे काही ग्रॅम घटक रक्तातून निघून जातात. आणि चौथे कारण घरातच असते. डायलिसिसपूर्वीच्या काळात डॉक्टरांनी डाळ, अंडी, मासे यांवर निर्बंध घातलेला असतो. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते. परंतु घरात जुनेच पथ्य निष्ठेने चालू राहते. ज्या माऊलीने वर्षभर पतीच्या ताटातील डाळ कमी केली, तिला आता ती वाढावयाची आहे हे कोणी सांगितलेले नसते. प्रेमापोटी पाळलेल्या पथ्यानेच माणूस खंगत जातो.

डायलिसिसच्या रुग्णास दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोंच्या माणसास ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम ताज्या मासळीतून १८ ते २० ग्रॅम मिळतात. शाकाहारी घरांत डाळी, उसळी व पनीर यांचा आधार घ्यावा लागतो. मात्र त्यांतील पोटॅशियम व फॉस्फरस यांचे प्रमाण पाहून आहारतज्ज्ञांनी माप ठरवून द्यावे. मधुमेह असल्यास तेही सांगावे.

सर्वांत फसवा प्रसंग म्हणजे पाणी व अंग यांचे बदल एकाच वेळी घडतात तो. समजा, एका रुग्णाचे कोरडे वजन ५२ किलो ठरलेले आहे. मध्यंतरी ताप आला, दोन महिने जेवण गेले, आणि अंगावरचे तीन किलो उतरले. डायलिसिसनंतर काटा मात्र ५२ च दाखवितो, कारण झडलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. कागदावर सर्व ठीक असते. रुग्णास मात्र उशा उंच करून झोपावे लागते. याच्या उलट, भूक सुधारून रुग्णाने अंग धरले आणि कोरडे वजन जुनेच राहिले, तर यंत्र गरजेपेक्षा अधिक पाणी काढते व त्याला गोळे आणि चक्कर यांचा त्रास होतो. म्हणून कोरडे वजन हा कायमचा आकडा नव्हे. प्रत्येक आजारपणानंतर त्याचा फेरविचार व्हावा.

काटा जे सांगत नाही ते अंग सांगते. चपला घट्ट व बांगड्या सैल झाल्या, तर पायात पाणी चढले असून हातावरचे मांस उतरले आहे असे समजावे. कानशिले खोल जाणे, दंड बारीक होणे, बसल्या जागेवरून हात टेकल्याविना न उठणे, ही तशीच लक्षणे होत. तीन महिन्यांत शेकडा ५ किंवा सहा महिन्यांत शेकडा १० वजन नकळत घटले, तर ते कुपोषणाचे चिन्ह मानले जाते. ५० किलोंच्या माणसाच्या बाबतीत तीन महिन्यांतील अडीच किलो ही धोक्याची खूण होय.

यास उपाय एका वहीचा आहे. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत वजन करावे. वहीत रोजचे वजन एका रकान्यात व डायलिसिसनंतरचे दुसऱ्या रकान्यात लिहावे. पहिला रकाना पाण्याची वार्ता देतो. दुसरा महिनोन्‌महिने वाचला म्हणजे अंगाची. सूज, धाप व भूक यांविषयी एकेक शब्द पुढे लिहावा आणि वही प्रत्येक पाळीस बरोबर न्यावी.

ज्या घरांत लिहिणारे कोणी नाही तेथे शाळेत जाणाऱ्या मुलाने हे काम करावे व शिक्षकांनी त्यास ते शिकवावे. ज्या घरी काटा नाही, तेथील रुग्णासाठी आरोग्य उपकेंद्राचा किंवा अंगणवाडीचा मोठ्यांचे वजन भरणारा काटा खुला असावा. ग्रामपंचायतीने एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. डायलिसिस केंद्रातील कर्मचाऱ्यांनी वजन केवळ नोंदून न घेता, मागील महिन्याशी ते ताडून पाहावे आणि जेवण कसे जाते हे विचारावे.

यंत्र पाणी काढू शकते, परंतु अंगावर मांस चढवू शकत नाही. ते काम ताटात, चुलीपाशी व घरच्यांच्या जागरूकतेतच होणार आहे.