आधी ओरखडा, मग नाव

विहीर खणताना काळ्या पाषाणातून पांढरा, चमकता खडा निघाला की आपल्या नेर गावाकडे त्याचं नाव लगेच ठरतं, गारगोटी! शाळेच्या प्रदर्शनातही तेच. मुलांनो, चिठ्ठी चिकटवायच्या आधी तो खडा ओरखडून पाहिला होता का?

आपला हा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्या पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरल्या. कुठे गारगोटी, कुठे कॅल्साइट, कुठे झिओलाइट. तिन्ही पांढरी असू शकतात, म्हणून रंगावर जाऊ नका.

कापसाची गाडी आली की व्यापारी नुसता पांढरेपणा पाहून भाव लावतो का? मुठीत दाबून ओल पाहतो, चिमटीत धागा ओढून लांबी पाहतो, किडकी कवडी शोधतो. खडाही असाच पारखा. धागा ओढायचा तिथे चाकूचं टोक ओढा. खनिजशास्त्रज्ञ मोस यांनी 1812 साली काठिण्याची 1 ते 10 अशी उतरंड लावली. तीत कॅल्साइट 3 वर, गारगोटी 7 वर. चाकू या दोघांच्या मधला. कॅल्साइटवर चरा पडतो. गारगोटीवरही करडी रेघ दिसेल, पण फसू नका! ओलं बोट फिरवा. रेघ पुसली गेली तर ते चाकूचंच लोखंड.

चरा पडला तर लिंबाचे दोन थेंब टाका. फेस आला की कॅल्साइट. चरा पडला पण फेस नाही, तर झिओलाइट असू शकतो. फुटलेली बाजूही पाहा. कॅल्साइट सपाट, तिरक्या पैलूंनी फुटतो, गारगोटी बाटलीच्या काचेसारखी गोलसर. काच बनते तीही गारगोटीच्याच वाळूपासून.

पुन्हा सांगतो, कारण सगळे ऐकून घेतात आणि घरी जाऊन रंगच पाहतात: आधी ओरखडा, मग नाव.

काळ्या खड्यांना तर फरशीची मागची, खरबरीत बाजू हवी. तीवर घासून रेघेचा रंग पाहायचा. काळा दिसणारा हेमॅटाइटही तांबूस रेघ देतो, मॅग्नेटाइट मात्र काळी. फरशीचा तुकडा तेवढा जपून ठेवा.