जुनी पिकअप घेताना
भंडाऱ्याच्या भाजी उत्पादकाला किंवा तुमसरच्या धान व्यापाऱ्याला जुनी पिकअप जवळच्या नागपुरात मिळू शकते. पण स्वस्त गाडीचा सौदा कागद पाहूनच करा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल, तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म 35 मागा. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असली, की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. थकलेली चलानं किमतीतून वळती करा.

फॉर्म 29 आणि 30 वर विक्रेत्याची सही घ्या. नाव बदलायला 30 दिवस, विमा नावावर करायला 14 दिवसांची मुदत आहे. राज्यातल्या राज्यात नागपूरचा एमएच 31 चा नंबर तोच राहतो. नोंदीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून विक्रेत्यानंही घाई करावी.

आता गाडी घरी आणायची. नागपूर ते भंडारा, महामार्ग 53 वरून साधारण साठ किलोमीटर. विमा, फिटनेस, पीयूसी चालू नसेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक, कूलंट, स्टेपनी तपासा. मौद्याला थांबून गळती बघा आणि पहिल्या फेरीला गाडी रिकामीच आणा.