राजचिन्हे आणि राजवस्त्रे
(भिवंडी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या सहलीसंबंधी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. तथापि सहलीचे वर्णन करण्याचा आमचा विचार नाही. जेवण कोठे चांगले मिळाले आणि गाडी कोठे खोळंबली हे ज्यांनी अनुभवले ते घरोघरी सांगून चुकलेच आहेत. आम्हांस बोलावयाचे आहे ते कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयाविषयी, आणि त्यातही तेथील एकाच वस्तूविषयी. ती वस्तू म्हणजे कापड.

सहल ठरत असताना तरुण मंडळींपैकी काहींनी एक प्रश्न विचारला होता. राजेरजवाड्यांचा काळ संपला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. मग त्यांच्या अंबाऱ्या आणि चवऱ्या पाहण्यास भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांनी एवढ्या लांब का जावे? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या बैठकीत कोणी दिले नाही. आम्हीही दिले नाही. ते आम्हांस तेथे गेल्यावर मिळाले, आणि तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

वाटेत इचलकरंजी लागली. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या उत्तेजनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग बसविला, हे आपल्या धंद्यातील पुष्कळांस ठाऊक आहे. कोल्हापुरात शिरल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेल्या कापडगिरणीचे स्मरण झाले. म्हणजे ज्या घराण्याचे वैभव पाहण्यास आपण निघालो, त्याच घराण्यातील एका पुरुषाने सूत आणि माग यांचा विचार राज्यकारभाराचा भाग म्हणून केला होता. ही गिरणी पुढे काळाच्या ओघात बंद पडली. गिरण्या कशा बंद पडतात हे भिवंडीकरांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. असो.

नवा राजवाडा काळ्या घडीव दगडाचा आहे. १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची रचनाही मूळ त्याचीच. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. आतील काही दालनांत १९७४ पासून शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. दरबारगृह दुमजली उंचीचे असून त्याच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंग आहेत, आणि एका टोकास सिंहासन. आमच्याबरोबरची मुले अर्थातच पेंढा भरलेल्या वाघांपुढून हलेनात, पुरुष मंडळी तलवारींपुढे रेंगाळली. चांदीची अंबारी पाहून एका भगिनीने तिचे वजन किती भरेल याचा मोठ्याने हिशेब मांडला. त्यात गैर काही नाही. चांदी डोळ्यांत भरावी म्हणूनच घडविलेली असते.

परंतु राजचिन्ह म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून तेथे गेला होता. त्याने पाहिलेले लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या दोहों बाजूंस सोनेरी भाल्यांच्या टोकांवर चिन्हे होती: उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची मुखे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. दरवाजाशी दोन लहान हत्ती आणि सोनेरी लगामांचे दोन घोडे. त्या सिंहासनाचा आज मागमूस नाही. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तेथील वैभवाची वाताहत झाली. चिन्हांचे वर्णन कागदावर उरले, ते एका परक्या व्यापारी कंपनीच्या नोकराने टिपून ठेवले म्हणून.

आता आपल्या भाषेकडे पाहा. राज्यावर बसणे यास आपण काय म्हणतो? गादीवर बसणे. गादी ही सोन्याची नसते. ती कापसाची, वर रेशमाचा नाहीतर मखमलीचा अभ्रा. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असे म्हणताना आपण सबंध राज्याचे नाव एका शिवलेल्या वस्तूवरून घेतो. छत्रपती या पदवीतील छत्र, तेही दांडीवर ताणलेले कापडच. सैन्यापुढे चालणारा जरीपटका कापडाचा. हत्तीची झूल कापडाची. अब्दागिरी कापडाची. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अधिकार देण्याच्या क्रियेलाच मराठ्यांच्या राज्यात ‘वस्त्रे देणे’ म्हणत. १७२० साली शाहू महाराजांनी बाजीरावांस पेशवेपदाची वस्त्रे दिली. पुढे पुण्याचा पेशवा कितीही बलाढ्य झाला, तरी छत्रपतींकडून वस्त्रे मिळाल्याखेरीज तो रीतसर पेशवा ठरत नसे. १७६१ साली पानिपतानंतर नानासाहेब वारले, तेव्हा कोवळ्या वयाच्या माधवरावांनाही साताऱ्याची वस्त्रे घ्यावी लागली. राज्य तलवारीने मिळत असेल, परंतु ते हातात पडे ते घडी घातलेल्या कापडाच्या रूपाने. आम्ही मोठमोठ्या सभांतून राजवैभवाची व्याख्याने ऐकली आहेत, त्यांत ही साधी गोष्ट फारशी ऐकली नाही.

तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडले. ते दालन केवळ राजांचे नाही. त्यात आपल्या साळ्यांचा, कोष्ट्यांचा, मोमिनांचा, पद्मशाल्यांचा हात आहे.

मात्र हा हात सहजासहजी दिसत नाही, आणि त्याची कारणे आहेत. पहिले कारण निसर्गाचे. लोखंड, चांदी, दगड टिकतात. रेशीम टिकत नाही. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती पाहावयास लोकांची रीघ लागली. पोलादाची ती नखे आज आहेत तशी आणता आली. त्या काळचे अंगरखे आणि शेले मात्र किती उरले? प्रकाश रेशमाचा धागा कमकुवत करतो. ज्या काळ्या रंगात लोहाचा अंश घातलेला असतो तो रंग धाग्यास आतून खातो. म्हणून जुन्या कापडात पुष्कळदा इतर रंग शाबूत आणि काळ्याची तेवढी चाळण झालेली दिसते. जरीची घडी वर्षानुवर्षे एकाच जागी मोडली की धातूची चपटी तार रेशमास कापते. याच कारणासाठी जगभरच्या संग्रहालयांत कापडाच्या दालनात उजेड मंद ठेवतात. सुमारे पन्नास लक्स, म्हणजे आपल्या कारखान्यातील मागावरच्या उजेडाच्या मानाने अगदीच थोडा. असल्या अंधुक उजेडाबद्दल कुरकुर करणारांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरे कारण माणसांचे. राजाचे नाव चिठ्ठीवर येते, विणकराचे येत नाही. यात संग्रहालयास दोष देता येत नाही, कारण ते नाव मुळात कोणी लिहून ठेवलेच नव्हते. पेशव्यांच्या पत्रांत पैठणच्या आसावली दुपट्ट्यांची मागणी आढळते. कोणते रंग हवेत तेही सांगितलेले असते. माग कोणाचा, हात कोणाचा, हे विचारण्याचे त्या काळी कोणास प्रयोजन नव्हते. ही गोष्ट एकट्या विणकराची नव्हे. अंबारी घडविणाऱ्या सोनाराची आणि जीन शिवणाऱ्या कारागिराची गतही तीच. परंतु सोनाराचे काम निदान टिकले. आपले काम विरले आणि नाव तर नव्हतेच.

येथे सहलीतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्याबरोबर समाजातील एक वृद्ध मातोश्री होत्या. त्यांचे माहेर येवल्याचे. बालपणी वडिलांच्या मागाशेजारी बसून त्यांनी तिल्ल्या भरलेल्या. जरीकामाच्या एका वस्त्रापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा काचेवर बोट न टेकवता त्यांनी काठापाशी एक जागा दाखविली आणि म्हणाल्या, “इथं कलाबतूची लड बदलली आहे बघा. आधीची पिवळी होती, ही थोडी पांढुरकी. त्यानं मिळवून घ्यायचा प्रयत्न केलाय, पण जुळली नाही.” आम्ही आयुष्यभर कापडाच्या धंद्यात असूनही आम्हांस ती जागा दाखविल्यावरच दिसली. ज्या माणसाचे नाव कोठेही नाही, त्याची एका दुपारची अडचण इतक्या वर्षांनंतर त्या मातोश्रींनी वाचली. मग शेजारच्या दहा-बारा जणी गोळा झाल्या आणि त्या दालनात अर्धा तास जो अभ्यासवर्ग भरला तसा आम्ही कोठल्या पाठशाळेतही पाहिला नाही. पहारेकरीही ऐकत उभा राहिला.

पैठणीचे विणकाम कसे चालते हे आपल्या नव्या पिढीस सांगावयास हवे, म्हणून दोन वाक्ये सांगतो. पदरातील मोर किंवा आसावली ही भरतकामाने काढलेली नसते. प्रत्येक रंगाची लहान तिल्ली वेगळी. विणकर ती ताण्यात हवी तेवढीच फिरवून शेजारच्या रंगात गुंतवून परत आणतो. म्हणून उलट-सुलट दोहों बाजू सारख्या दिसतात. दिवसभर बसून बोटभर काम पुढे सरकते, आणि भारी पदरास महिनोन्महिने लागतात. आपल्या भिवंडीतील यंत्रमागावर एका पाळीत जे ग्रे कापड निघते त्याच्याशी याची तुलना करणे व्यर्थ आहे. आम्ही यंत्रमागाची निंदा करीत नाही. त्याने आपल्या घरांत चूल पेटविली, मुलांस शिक्षण दिले. तथापि माग चालविणारा आणि कापड वाचणारा यांत अंतर पडत चालले आहे, आणि ते एका पिढीच्या आत पडले आहे, हे आम्हांस त्या मातोश्रींशेजारी उभे राहिल्यावर जाणवले.

आता ज्या कारणास्तव आम्ही हा विषय निवडला ते सांगतो. जुनी जर विकत घेणारे फेरीवाले आपल्या वस्तीत येतात. जुन्या शालूंची आणि पैठण्यांची जर खऱ्या चांदीची, वर सोन्याचे पाणी दिलेली. हे लोक काठ-पदर वजनावर घेतात. पुढे रेशीम जाळून टाकतात आणि चांदी गाळून घेतात. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील किती पेट्या अशा रिकाम्या झाल्या याची गणती कोणी केलेली नाही. विकणाराची अडचण असते, हे आम्ही जाणतो. ज्याच्या घरी औषधपाण्यास पैसा नाही त्यास संस्कृतीचे व्याख्यान देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु पुष्कळ घरांतून अडचणीमुळे नव्हे, तर कपाटात जागा नाही म्हणून कापड जाते. कोल्हापूरच्या राजघराण्याचे कापड काचेआड आहे. जे त्याच हातांनी विणले ते आपल्या घरचे कापड भट्टीत आहे. हे आम्हांस पाहवत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळाने केलेला ठराव येथे कळवितो. ज्यांस जुने वस्त्र ठेवणे शक्य नाही त्यांनी ते फेरीवाल्यास देण्यापूर्वी मंडळास दाखवावे. वजनाने जी किंमत येईल ती देऊन मंडळ ते ठेवून घेईल. यासाठी निधी उभारला आहे. तो मोठा नाही, पण सुरुवातीस पुरेल. ज्यांस ठेवावयाचे आहे त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आपल्याकडे खाडीची दमट हवा, आत ओल धरते आणि बुरशी येते. धुऊन खळ काढलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळावे. डांबरगोळी जरीस लागू देऊ नये. पावसाळा सरल्यावर सावलीत वारा द्यावा, उन्हात नव्हे, आणि घडी दर खेपेस नव्या जागी मोडावी. शक्य असल्यास घडीच घालू नये, सुती कापड गुंडाळलेल्या नळीवर वस्त्र गुंडाळून ठेवावे.

आणि एक वही केली आहे. वस्त्र कोणाचे, कोणत्या लग्नातले, कोणी विणले, कोठे विणले, माग कोणत्या प्रकारचा होता, हे तीत लिहून घ्यावयाचे. येवल्याच्या मातोश्रींनी पहिली नोंद आपल्या वडिलांच्या नावाने करविली आहे. त्यांच्या लग्नातला शेला वडिलांनी स्वतः विणला होता, आणि पदरातील एका पोपटाची चोच उलटी आहे, ती लहानपणी त्यांनीच चुकीची तिल्ली हातात दिल्यामुळे, असेही त्यांनी लिहावयास लावले. वही कचेरीत रविवारी सकाळी दहा ते बारा उघडी असते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सांगणे लिहून घेण्यास दोन विद्यार्थिनी बसतात. येताना वस्त्र बरोबर आणावे, आणि घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीसही आणावे.